वय झालंय, काका!

आमच्या घरातल्या तीन चिजांचं वय झालं आहे, असं तज्ज्ञांचं मत आहे. पहिली चीज मी. दुसरी, आमच्या चिरंजिवांनी २०१४ साली स्वतःच्या हातांनी जुळवलेला गेम खेळायचा कॉम्प्युटर. आणि तिसरी आमची ही. (हे वाक्य छापून येईपर्यंत घरात कळणार नाही, अशी व्यवस्था केली आहे.) पैकी माझ्याविषयी तज्ज्ञांचं आणि माझं एकमत आहे. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी हल्ली दररोज एका गृहस्थांची दारावरची पाटी फार लक्षपूर्वक वाचत उभा राहतो. उरलेल्या दोघांविषयी मात्र माझं तज्ज्ञांशी भांडण आहे, आणि ते मी आज चारचौघांत करणार आहे.

भांडणाचा मुद्दा एका ओळीचा आहे. ‘वय झालं’ हे निदान नव्हे. ‘पाऊस पडतोय’ हे जसं घर गळण्याचं कारण नव्हे, तसंच. पाऊस आळीतल्या सगळ्याच घरांवर पडतो. गळतं ते ज्याचं कौल फुटलंय त्याचं. कुठलं कौल, ते वर चढून बघावं लागतं. आणि वर चढायचा कंटाळा आला, की माणूस आभाळाकडे बोट दाखवतो.

हे मी कुठल्या अधिकाराने बोलतो? मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली बरीचशी हाताने खतावणी लिहिण्यात. दिवसअखेर जमा-नावे जुळायला हवेत. रात्रीचे आठ वाजलेले, शेवटून दुसरी लोकल गेलेली, आणि फरक किती, तर २७ पैसे. खिशातून घालून मोकळं व्हावं असं वाटायचं, पण तो गुन्हा. आमचे हेडक्लार्क शांतपणे पानाचा डबा उघडून म्हणायचे, “नवाने भाग जातो का बघा.” नवाने भाग गेला, की समजायचं, कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत, ४१ च्या जागी १४. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. ती जमेऐवजी नावे पडलेली असायची. त्या बत्तीस वर्षांत “खतावणी जुनी झाली, नवीन आणा” असं म्हणणारा मॅनेजर मी पाहिला नाही. असता, तर लोकांनी आपापले पैसे पुन्हा गादीखाली ठेवले असते.

आता कॉम्प्युटरकडे वळू.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना चिरंजिवांनी चार शनिवार लॅमिंग्टन रोडवर पायपीट केली. एका दुकानातून कॅबिनेट, दुसऱ्यातून मदरबोर्ड, तिसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड असं एकेक करत डोंबिवलीच्या गर्दीच्या लोकलमधून पोटाशी धरून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. दोन दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो. तिसऱ्या दिवशी पेटी लागली, आत निळे दिवे पेटले आणि हिने तिला हळदकुंकू वाहिलं. पुढे चिरंजीव शिकायला जर्मनीत गेले, स्टुटगार्टला नोकरीला लागले, आणि पेटी भरतकामाच्या आच्छादनाखाली गेली.

२०२१ साली एके रात्री त्याचा फोन आला. “बाबा, ट्रक चालवता का?”

मला आयुष्यात स्कूटरचंही लायसन्स मिळालेलं नाही. पण ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ नावाचा एक खेळ आहे, २०१२ सालचा. त्यात कुणाला गोळ्या घालायच्या नसतात, सोन्याची नाणी वेचायची नसतात. माल ट्रकला जोडायचा आणि मुकाट्याने युरोपभर पोचवायचा. वेग वाढला तर दंड, सिग्नल तोडला तर दंड, झोप आली तर ट्रक बाजूला लावून झोपायचं. म्हणजे नोकरीच, फक्त पगारवाढीची बोलणी नाहीत. २०२१ मध्ये त्या खेळात अशी सोय आली, की वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी एकाच रस्त्यावर आपापले ट्रक एकामागे एक चालवावेत. तेव्हापासून दर शनिवारी रात्री नऊला मी डोंबिवलीहून आणि तो स्टुटगार्टहून, असे आम्ही दोघे निघतो. सुरुवातीला मी सवयीने डाव्या बाजूने चालवायचो. किती दंड भरला, ते हिला अजून सांगितलेलं नाही.

खेळातलं स्टुटगार्ट तसं दोन चौकांत संपतं, पण मी तिथे चाळीस वेळा तरी गेलो असेन, तेही व्हिसाच्या रांगेत उभं न राहता.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, हसा. पण बापलेक समोरासमोर बसले की काय बोलतात? “काय, बरं आहे ना?” “हो.” “हवा कशी आहे?” “थंड.” संपलं. ट्रक चालवताना दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, त्यामुळे बोलता येतं. त्याची नोकरी मध्यंतरी जाता जाता वाचली, हे मला फ्रँकफर्टच्या अलीकडे कळलं. जुळत आलेलं लग्न कशावरून मोडलं, ते कलोन सोडल्यावर काळोखात कळलं. तोपर्यंत त्याने ते आईलाही सांगितलं नव्हतं. मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

तर असा हा कॉम्प्युटर २०२५ च्या एप्रिलात हॅम्बुर्गच्या बाहेर भर रस्त्यात मेला. आवाज नाही, धूर नाही. पडदा काळा, पंखे बंद, निळे दिवे गुल. मी ‘अगं’ म्हणेपर्यंत पेटी आपणहून पुन्हा चालू झाली आणि जणू काही झालंच नाही अशा निरागसपणे पासवर्ड मागू लागली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग दर शनिवारी, निघाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत. एरवी मात्र टपाल वाचा, वीजबिल भरा, दिवसभर ठणठणीत.

पहिला वैद्य नाक्यावरचा. वय वर्षं बावीस, कानात बुंदा, हातात पेनड्राइव्ह. त्याने लक्षणं पुरती ऐकूनही घेतली नाहीत. “फॉरमॅट मारू या, काका.” आमच्या लहानपणी पोट दुखो, डोकं दुखो, नाहीतर अंकगणितात नापास होवो, उपाय एकच असे, एरंडेल. फॉरमॅट हे कॉम्प्युटर-वैद्यकातलं एरंडेल आहे. पाचशे रुपये घेऊन त्याने पेटीचं पोट साफ केलं. चिरंजिवांच्या कॉलेजातले फोटो त्यात होते, ते दुसरीकडे उतरवून ठेवले होते म्हणून वाचले. शनिवारी तेविसाव्या मिनिटाला पेटी मेली.

दुसरे तज्ज्ञ वातानुकूलित. काचेचा दरवाजा, आत मंद संगीत. मी पेटी उराशी धरून नेली होती. तिथल्या गृहस्थांनी तिला स्क्रू-ड्रायव्हर तर सोडाच, बोटही लावलं नाही. लांबूनच विचारलं, “किती सालचा?”

“२०१४.”

“वय झालंय, काका!” ते असे हसले की मी क्षणभर स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. “अकरा वर्षं वाजवली म्हणजे वसूल झाले. आणि विंडोज १० चा सपोर्ट पण ऑक्टोबरमध्ये बंद होतोय. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालायचा नाही.” आणि त्यांनी मला पंच्याऐंशी हजारांचा एक कागद दिला.

आता यांचं म्हणणं नीट तपासा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, खरं आहे, तसा तो संपलाही. २०१४ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हेही खरं. सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा विचार करायलाच हवा, आणि तो आम्ही निराळा केला. पण माझा ट्रक हॅम्बुर्गच्या बाहेर मरत होता तो एप्रिलात! पासपोर्टची मुदत पुढे ऑक्टोबरात संपणार म्हणून माणसाला एप्रिलात खोकला होत नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की गिऱ्हाईक त्यांना आपणहून ‘म्हणून’ने जोडतं, यावर दुकानदारीचा निम्मा धंदा चालतो.

आणि नवीन घेतला की मरत नाही, असं यांना कुणी सांगितलं? इंटेल कंपनीचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर घेतलेल्यांना विचारा. कोरे करकरीत, खोक्याचा वास न गेलेले कॉम्प्युटर भर खेळात कोसळत होते. लोक रॅम बदलत होते, ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत होते, फॉरमॅटही मारत असणार. शेवटी २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने कबूल केलं, की प्रोसेसरच्या आतल्याच एका सूचनेमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेतो आहे. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे तिथेही रोग वयाचा नव्हता, व्होल्टेजचा होता, आणि तो बघणाऱ्याला दिसला. अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ नावाच्या अवाढव्य गणकयंत्रात १९४७ च्या सप्टेंबरात बिघाड झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी ते उघडलं. एका रिलेमध्ये पतंग अडकून मेला होता. त्यांनी तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटवला. पतंग! लांबून “किती सालचं?” विचारून तो सापडला असता का?

तिसरे तज्ज्ञ आमच्याच मजल्यावरचे, निवृत्त फिजिक्सचे प्राध्यापक. ते म्हणाले, “कॉस्मिक रेज!” अंतराळातून येणारा एखादा कण मेमरीत शिरून शून्याचा एक करतो म्हणे. मी हसलो, तर त्यांनी मला बेल्जियमचा दाखला दिला. २००३ च्या निवडणुकीत तिथल्या स्कारबेक गावात एका उमेदवाराला मिळणं शक्यच नव्हतं इतकी मतं यंत्राने दाखवली. मोजली तेव्हा जादा मतं बरोबर ४०९६ निघाली, म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटला होता, आणि दुसरं कारण सापडेना, तेव्हा संशय अंतराळावर गेला. बेल्जियमवाल्यांचा हा संशय मला मान्य आहे, कारण त्यांनी आधी मतं पुन्हा मोजली, यंत्र तपासलं, आणि मग आभाळाकडे पाहिलं. शिवाय आमचा कण दर शनिवारी रात्री नऊ वाजून बावीस मिनिटांनी, हॅम्बुर्गच्याच सुमाराला येत होता. इतका वक्तशीर कण अंतराळात असेल, असं मला वाटत नाही.

याच सुमाराला हिला चक्कर येऊ लागली.

ती एका डॉक्टरांकडे गेली. नाव सांगत नाही, भला माणूस आहे. त्यांनी फाइल उघडली, जन्मसाल वाचलं, फाइल मिटली. “वयोमानाने होतं असं, काकू. सावकाश उठत जा.” मी बाजूच्या खुर्चीत होतो, आणि मला त्या काचेच्या दुकानातलं मंद संगीत स्पष्ट ऐकू आलं.

ही काही बोलली नाही. घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात, बारीक अक्षरात ‘च’ लिहू लागली. ‘च’ म्हणजे चक्कर. शेजारी वेळ. तीन आठवड्यांनी तिने मला बोलावलं. “अहो, हे बघा. सगळे च सकाळी नऊ ते साडेदहाच्या मधले. संध्याकाळी एकसुद्धा नाही. वय काय माझं फक्त सकाळीच होतं?”

मग तिने सकाळच्या गोळ्यांची पाकिटं काढली, भिंग घेतलं आणि मोठ्या नावाखालचं बारीक नाव वाचलं. एका डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाबाची गोळी आणि मध्यंतरी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाबाची गोळी, नावं निराळी, कंपन्या निराळ्या, रंगसुद्धा निराळे. आतलं औषध एकच. ती दोन्ही पाकिटं आणि ती दिनदर्शिका घेऊन आम्ही तिसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी रक्तदाब आधी निजवून मोजला, मग उभं करून मोजला, आणि एक गोळी बंद केली. पंधरवड्यात च संपले.

त्या रात्री मी दिनदर्शिकेत शनिवारच्या चौकोनात ‘ब’ लिहिला. ‘ब’ म्हणजे बंद. आणि चिरंजिवांना फोन केला, “मला नवा कॉम्प्युटर नको. तू फोनवर सांग, मी उघडतो.”

“बाबा, मी पैसे पाठवतो, नवीन—”

“ट्रकमध्ये तू माझ्यापुढे असतोस, मी मागून येतो. इथे पण तसंच. चल, पुढे हो.”

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ म्हणून एक नोंदवही असते. त्याने मला ती उघडायला लावली. प्रत्येक शनिवारी तांबडी खूण आणि शेजारी ‘कर्नल-पॉवर ४१’. मला वाटलं, सापडला चोर! पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की आधी रीतसर बंद न होता यंत्र पुन्हा चालू झालं. हे म्हणजे पोलिसी पंचनाम्यासारखं झालं, ‘सदर इसम मयत अवस्थेत आढळून आला’. कशाने, ते तुम्ही शोधा. मात्र जे लिहिलेलं नव्हतं, तेही उपयोगी पडलं. मेमरीत किंवा कुठल्या प्रोग्रॅममध्ये गोंधळ झाला, तर विंडोजला बहुधा मरण्यापूर्वी दोन ओळी खरडायला सवड मिळते, तोच तो प्रसिद्ध निळा पडदा. आमची पेटी एकदाही निळी झाली नव्हती. मृत्युपत्र न करता गेलेला माणूस एकतर उष्माघाताने गेलेला असतो, नाहीतर कुणीतरी दिवा मालवलेला असतो.

पहिला नियम हिने घालून दिला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि भिंतीवर लिहायची. “दोन गोळ्या एकदम बंद केल्या असत्या, तर कुठलीनं होत होतं ते कळलं असतं का?” मी तुम्हाला सांगतो, दुकानांत नेमकं इथेच चुकतं. ते एकदम चार गोष्टी बदलतात, यंत्र चालू होतं आणि चारांचं बिल येतं.

पहिला संशय उष्णतेवर. कॅबिनेट उघडलं तर आत अकरा वर्षांची डोंबिवली साठलेली होती. रंगकामाचा नवा ब्रश आणून मी ती गॅलरीत झाडली. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते, ती चुन्याच्या डबीत राहून गेलेल्या चुन्यासारखी कडकडीत वाळली होती. ती खरवडून नवी लावली. तापमान बारा अंशांनी उतरलं. शनिवारी बाविसाव्या मिनिटाला ब. म्हणजे गुन्हेगार तो नव्हता, पण आंघोळ झाली हे बरं झालं. मुळात आधीही पारा काही शंभराच्या आसपास जात नव्हता, हे मी आधी मोजायला हवं होतं. नव्या डॉक्टरचा उत्साह, दुसरं काय.

मग यूपीएस वगळून वायर थेट भिंतीत. ब. मग रॅम. दोन पट्ट्या असतात. त्यांची सोनेरी टोकं मी शाळेच्या खोडरबराने पुसली. हा उपाय जुना आहे, पण कधी कधी खरोखर लागू पडतो. एक शनिवार एक पट्टी, दुसऱ्या शनिवारी दुसरी. ब, ब. पेनड्राइव्हवरून चालणारा मेमरी तपासण्याचा एक प्रोग्रॅम असतो, तो रात्रभर लावून ठेवला. सकाळी सहाला ही दूध घ्यायला उठली, तेव्हा पडद्यावर चार फेऱ्या पुऱ्या आणि चुका शून्य. प्राध्यापकांना मी जिन्यात गाठून सांगितलं, “कॉस्मिक रेज निर्दोष.” त्यांचा चेहरा उतरला.

मग चिरंजिवांना एक युक्ती सुचली. ग्राफिक्स कार्डाने किती वीज खायची, याला मर्यादा घालता येते. त्याने ती कमी करायला लावली. झाडं थोडी खरबरीत दिसू लागली, पण त्या शनिवारी मी तीन तास ट्रक चालवला. दिनदर्शिकेचा चौकोन रिकामा! पेटी जास्त जेवली की मरत होती. संशयित दोनच उरले, जेवणारा किंवा वाढणारा. म्हणजे कार्ड किंवा एसएमपीएस, ती विजेचा पुरवठा करणारी पत्र्याची डबी.

या डबीचं काम मला आमच्या सोसायटीच्या टाकीवरून समजलं. सकाळी सातला सगळे एकदम नळ सोडतात. टाकी भरलेली असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. पण टाकीत गाळ बसून ती निम्मी झाली असेल, तर वरच्या मजल्यावरचा माणूस साबण लावलेल्या अवस्थेत उभा राहतो. दुपारी मात्र त्याच नळाला धो धो पाणी. डबीत कॅपॅसिटर म्हणून विजेच्या छोट्या टाक्या असतात. त्यांच्यातलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं; दहा अंशांनी उष्णता वाढली की आयुष्य निम्मं, असा त्यांचा ढोबळ हिशेब सांगतात. मी टपाल वाचतो ती दुपार. ट्रक म्हणजे सकाळचे सात.

खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाकडून एका शनिवारपुरती त्याची डबी उसनी आणली. विजेची मर्यादा काढून टाकली. नऊला निघालो, बाराला पोचलो. एकदाही ब नाही. चिरंजीव ओरडले, “सापडलं बाबा! संपलं!”

मी म्हटलं, “नाही. जुनी परत लाव.”

“परत कशाला?”

आता हीच ती पायरी, जी कुणीही करत नाही, आणि माझं सगळं भांडण जिच्यावर उभं आहे ती. नवं लावल्यावर चालू झालं, यावरून जुनं बिघडलेलं होतं असं ठरत नाही. हात लागला म्हणून एखादी सैल वायर बसली असेल. हवा थंड असेल. शनिवार चांगला असेल. जुनं परत लावून जर पुन्हा मेलं, तरच गुन्हा शाबीत. बँकेत आम्ही चूक सापडल्यावर बेरीज पुन्हा एकदा मारायचो. पुन्हा तासभर घालवून जुनी डबी बसवली, फोनचा टॉर्च हिने धरला. निघालो. एकोणीस, वीस, एकवीस मिनिटं. बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा!

कुठलीही वस्तू बंद पडल्याचा इतका आनंद आमच्या घरात कधी झाला नव्हता. हिने टाळ्या वाजवल्या.

लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, रेडिओच्या जमान्यातले. त्यांच्याकडे डबी नेली. “घरी नाही ना उघडली?” त्यांनी पहिलं विचारलं. “प्लग काढला तरी आत वीज साठून राहते. माणूस दाणकन फेकला जातो.” मी नाही म्हटल्यावर त्यांनी उघडली आणि बोटाने दाखवलं. दोन कॅपॅसिटरांची सपाट डोकी फुलक्यासारखी टम्म फुगली होती. “बदलून देतो म्हटलं तर देईन. पण ही नवीच घ्या. बाकी पेटीला हात लावू नका, चांगली आहे.”

हेही ‘नवी घ्या’च म्हणाले, असं तुम्ही म्हणाल. म्हणाले. पण उघडून म्हणाले, आणि पेटीतल्या सात वस्तूंपैकी एकीबद्दल म्हणाले. डबी चार हजारांच्या आत आली. पंच्याऐंशी वजा चार, हा फरक मी नवाने भागून पाहिला. बरोबर भाग गेला. कुणीतरी काहीतरी उलटं लिहिलं होतं हे नक्की.

मी अडाणीपणाने हट्ट करत नाही. मदरबोर्ड जळला असता तर मी हरलो असतो; त्या प्रोसेसरचे बोर्ड आता नवे निघत नाहीत, जुन्या बाजारात धुंडाळावे लागतात. तेव्हा मी गुपचूप आच्छादन घातलं असतं. मेलेल्याला मेला म्हणायला माझी हरकत नाही. नाडी न बघता म्हणायला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा केला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद नाही. त्यात नाडी चालू असलेल्या पेट्या किती होत्या, हे मोजायला मात्र दोन-चार जुने हेडक्लार्कच बसवावे लागतील. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हा त्या काचेच्या दुकानात मी मुद्दाम जाऊन पंच्याऐंशी हजारांचा कागद पुन्हा दाखवला. ते म्हणाले, “काका, हा भाव जुना झाला.” त्या दुकानातलं हे एक निदान मला मान्य आहे.

गेल्या शनिवारी आम्ही प्रागहून निघालो होतो. या खेपेला यजमान मी होतो, म्हणजे खेळ माझ्या पेटीवर चालू होता. चिरंजीव पुढे, मी मागे. तो मला ऑफिसातल्या कुणा मुलीबद्दल काहीतरी सांगायच्या बेतात होता. मला त्याच्या आवाजावरून कळतं. आणि अचानक त्याचा ट्रक नाहीसा झाला. रस्ता रिकामा. मी इंडिकेटर लावून कडेला थांबलो. पाच मिनिटांनी फोन आला.

“बाबा, माझा बंद पडला.”

“निळा झाला की काळा?”

“काळा. एकदम.”

“घेतलास कधी?”

“आठ महिने झाले असतील.”

“मग वय झालं असेल,” मी म्हटलं. “भिंतीवर ब लिही, वेळ टाक आणि चालू कर. मी थांबलोय. हां, काय सांगत होतास तू त्या मुलीचं?”